एफआयव्ही निघालेला बोका घरात ठेवायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या गावभागातल्या एका ताईंचा चार वर्षांचा बोका, बंड्या, शेपटीच्या मुळाशी गळू झालं म्हणून दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी गळू फोडून धुतलं, जाता जाता रक्ताची किट-टेस्टही केली आणि त्यात एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरणारा विषाणू) पॉझिटिव्ह आलं. घरात चिमी नावाची दुसरी भाटी आहे. धाकट्या जावेला पाचवा महिना लागलाय. सासूबाई म्हणतात, ‘हा मांजरांचा एड्स आहे, हरिपूरकडं नदीकाठी सोडून या.’ शेजाऱ्यांनी ‘इंजेक्शन देऊन मोकळं करा’ असंही सुचवलंय. बंड्या मात्र गळू बरं झाल्यावर पहिल्यासारखा खातोय, पत्र्यावर चढतोय. ठेवायचा का, आणि ठेवला तर कसा, असं ताईंनी विचारलंय.

ताई, ठेवायचा. खाणाऱ्यापिणाऱ्या मांजराला केवळ किटवरच्या एका रेघेपायी इंजेक्शन द्यायचं कारण नाही; मांजरांवर काम करणाऱ्या जाणत्या डॉक्टरांमध्ये यावर आता फारसा वाद उरलेला नाही. आणि नदीकाठी सोडलं तर काय होईल ते बघा. बंड्या अजून आंडिल बोका आहे. नव्या जागेत गेल्याबरोबर तिथले बोके त्याच्यावर तुटून पडणार, तो त्यांना चावणार, ते त्याला. म्हणजे आज एका घरात थांबलेला विषाणू आपण हातानं अख्ख्या आळीत वाटायचा. सासूबाईंना सांगायला हे एवढं पुरे.

एड्सचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे. माणसातला एचआयव्ही आणि मांजरातला एफआयव्ही एकाच कुळातले, लेंटिव्हायरस म्हणतात त्या गटातले. हे विषाणू पेशीच्या आत घुसून तिच्या जनुकांतच घर करतात, त्यामुळे एकदा शिरले की आयुष्यभर राहतात. मांजरातला हा विषाणू १९८६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांना सापडला. आफ्रिकेतल्या सिंहांत आणि अमेरिकेतल्या प्यूमांत त्याचे चुलत प्रकार आहेत. पण माणसाच्या अंगात तो रुजत नाही. मांजरांचे चावे आणि ओरखडे खाण्यातच ज्यांचा जन्म गेला अशा पशुवैद्यकांची रक्तं तपासली, त्यातही संसर्ग मिळाला नाही. तेव्हा घरातल्या पोरांनी त्याला मांडीवर घ्यायला हरकत नाही. बंड्या चावला तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं. ते रेबीजसाठी आणि मांजराच्या तोंडातल्या जंतूंसाठी, एफआयव्हीसाठी नव्हे. रेबीजची लस त्याला दरवर्षी द्या, चिमीलाही.

जावेबद्दल जी काळजी घ्यायची ती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची, आणि ती मांजर पॉझिटिव्ह असो नसो, सारखीच. तो मांजराच्या शीतून बाहेर पडतो, पण पडल्यापडल्या लागत नाही; लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून वाळूचं टोपलं रोज साफ करायचं, आणि ते जावेनं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. बागेतल्या मातीत हात घालताना तिनं हातमोजे घालावेत. कच्चं मटण हाताळल्यावर हात धुणं, भाजी नीट धुणं आणि अर्धकच्चं मांस न खाणं हे मांजर दूर ठेवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण माणसाला हा परजीवी बहुतेकदा त्याच वाटेनं लागतो. जावेला माहेरी पाठवायची गरज नाही आणि बंड्यालाही नाही.

आता त्या रेघेबद्दल. दवाखान्यातली ही किट विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे, कधी दोन महिने लागतात. म्हणजे हे गळू ज्या चाव्यानं झालं त्याच चाव्यानं विषाणू आला असं नाही. तो बहुधा आधीच्या कुठल्या तरी भांडणात आलाय. (गळू शेपटीपाशी आलंय म्हणजे बंड्या या भांडणात पळत होता. जिंकणाऱ्याची जखम सहसा तोंडावर आणि पुढच्या पायांवर असते.) याच हिशोबानं उलटंही लक्षात ठेवा: चावा ताजा असताना किट निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नका, दोन महिन्यांनी पुन्हा करा. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू पॉझिटिव्ह आलं तरी घाबरू नका. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं किटला दिसतात. सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासलं की त्यातली बरीच निगेटिव्ह निघतात. बंड्या मोठा आहे, भांडखोर आहे, बाहेर फिरणारा आहे. त्याचा पॉझिटिव्ह बहुतेक खराच. तरी एकदा दुसऱ्या कंपनीच्या किटवर किंवा प्रयोगशाळेत खात्री करून घ्या. आपल्या भागात जमलं नाही तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारा, नाहीतर पुण्याला नमुना पाठवता येतो. त्याच किटवर ल्युकेमियाच्या विषाणूचीही, म्हणजे एफईएलव्हीची, रेघ असते. ती निगेटिव्ह आहे ना, हे कागदावर नीट वाचा. तो आजार वेगळा, जास्त वाईट, आणि एकाच ताटलीत खाण्यातून, एकमेकांना चाटण्यातूनही पसरतो. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावतात.

एफआयव्ही पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून. लाळेतला विषाणू दातावाटे थेट मांसात गेला तर लागण होते. पाण्याचं भांडं एक असणं, एकाच गादीवर झोपणं, एकमेकांना चाटणं यातून ती होणं फार क्वचित. २०१४ मध्ये दोन मांजर-निवाऱ्यांतल्या मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह मांजरं महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं एकत्र होती. एकाकडून दुसऱ्याला लागण झालेली दिसली नाही, पॉझिटिव्ह आयांच्या पिल्लांनाही नाही. तेव्हा चिमीची एकदा टेस्ट करा. निगेटिव्ह आली आणि दोघांचं पटत असेल, म्हणजे फिस्कारण्यापलीकडं प्रकरण जात नसेल, तर दोघं एका घरात राहू शकतात. ताटल्या वेगळ्या ठेवा, पण त्या कुणी किती खाल्लं ते कळावं म्हणून. चिमीचं ऑपरेशन झालं नसेल तर तेही उरकून घ्या. फक्त आता तिसरं मांजर आणू नका. नवं मांजर आलं की जुन्यांची भांडणं सुरू होतात. घर फिनेलनं धुवायचीही गरज नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, साध्या साबणानं मरतो. फिनेल आणि डेटॉल मात्र मांजराच्या पंजाला लागून चाटण्यातून पोटात गेलं तर विषारी ठरतं.

पहिलं खरं काम म्हणजे बंड्याची नसबंदी. आपल्याकडं गाईबैलांच्या बाबतीत खच्ची करायला कुणी दोनदा विचार करत नाही, पण बोक्याचं नाव काढलं की घरातले पुरुष कळवळतात. नसबंदीनं तो मुळमुळीत होत नाही. त्याचं रात्री-अपरात्री पत्र्यावर ओरडत फिरणं, भिंतीवर मुतून हद्द आखणं आणि दुसऱ्या बोक्यांशी झुंजणं कमी होतं. हा परिणाम ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दिसत नाही. अंगातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात. म्हणून टाके सुकले की सोडला बाहेर, असं करू नका. भूल देण्याआधी रक्त तपासून घ्या. पॉझिटिव्ह असला तरी तब्येत चांगली असेल तर भूल सोसते. आणि त्याच भुलीत तोंड पूर्ण उघडून दात-हिरड्या बघून घ्यायला डॉक्टरांना सांगा. तोंडाबद्दल पुढं सविस्तर येतंच.

घरात ठेवणं हे दुसरं काम, आणि गावभागात ते सोपं नाही हे मला ठाऊक आहे. तिथल्या घरांची छपरं एकमेकांना चिकटलेली. एका वाड्याच्या कौलांवरून निघालेलं मांजर जमिनीला पाय न लावता गल्लीच्या टोकाला पोचतं. पण चार वर्षं मोकळा फिरलेला बोकाही घरात राहायला शिकतो. पहिले दोन-तीन आठवडे तो दारापाशी बसून कोकलेल, विशेषतः पहाटे. त्या ओरडण्याला एकदा जरी दार उघडलंत तर किती ओरडलं की दार उघडतं एवढंच तो शिकेल. संध्याकाळी दोरीला कापडाची चिंधी बांधून त्याला चांगलं पळवा, मग पोटभर जेवायला द्या. रात्र शांत जाते. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी पुरत नाही, नखानं फाडतो. कबुतरांसाठी गॅलरीला लावतात ती नायलॉनची जाळी किंवा बारीक तारेची जाळी लावा. माळ्यावर बसायला उंच जागा द्या. बोक्याला रस्ता वरून बघायला मिळाला की त्याची निम्मी तक्रार मिटते. वाळूचं टोपलं दोन मांजरांना किमान दोन. आणि घरात राहणाऱ्या बोक्याच्या बाबतीत एक पक्कं ध्यानात ठेवा: तो टोपल्यात वारंवार बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. याचा एफआयव्हीशी संबंध नाही, पण नुकत्याच घरात कोंडलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या बोक्यात हे दिसतं.

आता तोंड. एफआयव्ही पॉझिटिव्ह मांजराच्या मालकानं रिपोर्टच्या कागदापेक्षा त्याच्या तोंडाकडं जास्त बघावं, असं माझं ठाम मत आहे. विषाणू संथ आहे. लागण झाल्यावर सुरुवातीला थोडा ताप, गाठी सुजणं असं काहीतरी होतं, तेही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मग वर्षानुवर्षं मांजर धडधाकट असतं. पुष्कळ पॉझिटिव्ह मांजरं आपलं साधारण आयुष्य काढून म्हातारपणाच्याच कुठल्या तरी आजारानं जातात. पण ज्यांना त्रास होतो त्यांच्यात पहिली तक्रार फार वेळा हिरड्यांची आणि घशाजवळच्या मऊ भागाची असते. दातांच्या कडेला लाल रेघ, मग सूज, मग मागच्या बाजूला कच्च्या मांसासारखा लालभडक पट्टा. हे भयंकर दुखतं. आणि मांजर दुखणं सांगत नाही.

घरात ते असं दिसतं: बंड्या भुकेनं ताटलीपाशी धावत जातो, वास घेतो, एक घास उचलतो आणि एकदम ओरडून मागं सरतो. किंवा मान वाकडी करून एकाच बाजूनं चावतो. कोरडं खाणं सोडून फक्त ओलं मागतो. हनुवटीवर लाळ, कधी तपकिरी. तोंडाला घाण वास. अंग चाटणं थांबतं, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या होतात. लोक म्हणतात, नखरे करतोय, नाहीतर बाहेरून खाऊन आला असेल. दोन महिने असे जातात आणि मग निम्मं झालेलं मांजर टेबलावर येतं. म्हणून दर रविवारी उजेडात बसून एकदा त्याचा वरचा ओठ उचला, दोन्ही बाजू बघा. सवय लावली की तो करू देतो.

उपचारात पहिली पायरी भूल देऊन दात स्वच्छ करणं आणि एक्स-रेवर किडलेली मुळं शोधणं. त्यानं भागलं नाही तर दाढा काढाव्या लागतात, कधी सगळे दात. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण दात काढल्यावर बहुतेक मांजरांना चांगला आराम पडतो, काहींचं दुखणं पूर्ण जातं, आणि बिनदाताचं मांजर शिजवलेलं चिकन बारीक करून दिलं तर मजेत खातं. मला जे पटत नाही ते दर महिन्याला लांब मुदतीचं स्टिरॉइडचं इंजेक्शन मारत राहणं. चार दिवसांत मांजर खायला लागतं, मालक खूष, डॉक्टरही खूष. पण आधीच प्रतिकारशक्तीला भोक पडलेल्या जनावरात आपण ती आणखी दाबत असतो, आणि खाली दात कुजतच असतात. स्टिरॉइड कधीच नको असं नाही. मुळाचं काम टाळण्यासाठी नको.

औषधांचं निघालंच आहे तर दोन नावं भिंतीवर लिहून ठेवा. पॅरासिटामॉल: अंग गरम लागतंय म्हणून पोराच्या तापाची गोळी किंवा सिरप मांजराला कधीही द्यायचं नाही. त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. चुकून गेलीच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा. दुसरं ग्रिसिओफुल्विन. मांजराला गजकर्ण झालं की ही जुनी स्वस्त गोळी अजून लिहिली जाते. एफआयव्ही असलेल्या मांजरात ती पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. गजकर्णासाठी कुठल्याही डॉक्टरांकडं गेलात तरी पॉझिटिव्ह आहे हे आधी सांगा. इट्राकोनॅझोलसारखे दुसरे पर्याय आहेत.

विषाणूवरचं थेट औषध म्हणून एचआयव्हीसाठीचं झिडोवुडिन काही मांजरांत वापरतात, तोंडाचा त्रास किंवा मेंदूची लक्षणं असतील तेव्हा. त्यानं रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला वरचेवर रक्त मोजावं लागतं. बंड्यासारख्या ठणठणीत बोक्याला त्याची आज गरज नाही. अमेरिकेत २००२ मध्ये एक लस आली होती, ती पुढं बंद झाली. आपण तिची वाट बघू नये. आणि हळद. सांगलीत हळदीविरुद्ध बोलणं अवघड आहे, पण जखमेवर थापलेली हळद मांजर पाच मिनिटांत चाटून टाकतं, आणि दुधातून दिलेल्या हळदीनं किंवा गुळवेलीच्या गोळीनं हा विषाणू हटत नाही. तो पैसा चांगल्या खाण्यावर घाला.

खाण्यात आपल्याकडची मुख्य चूक दूध-चपाती. मांजर ती आवडीनं खातं, पण त्यात त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य पुरेसं नाही; ते मांस-मासळीतच मिळतं आणि ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे बिघडतात. मोठ्या मांजराला दूध बऱ्याचदा पचतही नाही, आणि मग जुलाब कशाचे, विषाणूचे की दुधाचे, हे ओळखताना डॉक्टरचं डोकं फिरतं. परवडत असेल तर मांजराचं तयार खाणं हा पाया ठेवा, वर शिजवलेलं चिकन किंवा मासे, कांदा-लसूण-मसाला न घालता, हाडं काढून. चिकनच्या दुकानातली कच्ची आतडी-काळीज देऊ नका. धडधाकट मांजर त्यातले जंतू पचवेलही; बंड्यावर तो जुगार नको.

डॉक्टरांकडं सहा महिन्यांतून एकदा, आजारी नसला तरी. तोंड, डोळे, गाठी, वजन; आणि वर्षातून एकदा तरी रक्त आणि लघवी. जंताचं औषध आणि पिसवांचा बंदोबस्त नियमित. (पिसवांसाठी कुत्र्याचं औषध वापरू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात.) तिहेरी लसीबद्दल (मांजरांच्या तीन साथीच्या आजारांवरची एकत्र लस) डॉक्टरांशी बोलून ठरवा, अशा मांजराला मृत विषाणूंची लस मिळाली तर ती बरी, रेबीजची तर मृतच असते. घरी वजन करायला प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा घ्या, पेटीसकट मांजर टांगा, पेटीचं वजन वजा करा. महिन्यातून एकदा वहीत लिहा. चार किलोच्या बोक्याचे चारशे ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि ते डोळ्याला दिसत नाही. मधल्या काळात चोवीस तास अन्नाला तोंड न लावणं, झोपेत मिनिटाला तीसच्या वर श्वास, एक डोळा लाल किंवा धुरकट, न भरणारी जखम, नवी गाठ, लांबलेले जुलाब, १०३ च्या वर ताप, यातलं काहीही ‘बघू दोन दिवस’ म्हणून सोडायचं नाही. साध्या मांजराला जे आपोआप बरं होतं त्याला याच्याकडं जास्त दिवस आणि जास्त औषध लागतं. गाठी गांभीर्यानं घ्या, कारण लिम्फोमा नावाचा कर्करोग या मांजरांत इतरांपेक्षा जास्त दिसतो.

शेजाऱ्यांनी सुचवलेल्या इंजेक्शनचा विचार पुढं कधीतरी करावा लागेलही. तो दिवस रिपोर्टवरून ठरत नाही. खाणं सुटलं, वजन थांबेना, एक संसर्ग आटोक्यात आला की दुसरा, आणि उपचाराचे दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले, तर तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. बंड्या आज त्याच्या जवळपासही नाही.

आणि गावभागात राहता म्हणून पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी मांजरं पोत्यात, बादलीत घालून बाहेर काढली, आणि मग पाहुण्यांच्या एका खोलीत अनोळखी मांजरं एकत्र कोंडली गेली. चावे तिथंच होतात. पक्की, दार लागणारी पेटी प्रत्येकाला एक, आत्ताच घ्या आणि एरवीही ती घरात उघडी ठेवून तीत जेवायला घाला, म्हणजे वेळेला तो आपणहून आत जाईल. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं चढायला लागलं की दोघांना खोलीत बंद करा, ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. पाणी गल्लीत शिरल्यावर पत्र्यावरचं मांजर हाताला लागत नाही. पेटीवर तुमचा फोन नंबर आणि ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह, दुसऱ्या मांजरासोबत ठेवू नये’ असं ठळक लिहून चिकटवा, आणि त्याच्या फाइलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.